रेडिओ त्या दिवशी चांगला होता

आमच्या चाचांना 'हो' हे उत्तर चालत नसे. दार लाव म्हणाले आणि मी 'हो' म्हटलं, की ते दाराकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मग विचारायचे, काय करणार? दार लावणार. कुठलं? जिन्याचं. 'बरोबर,' म्हणायचे, आणि मग मी दार लावायचं. तोवर माळावरच्या वाऱ्याने अर्धा उकिरडा आत आणून टाकलेला असायचा.

हे सगळं चालायचं पारनेरच्या माळावर. तिथे एका खाजगी संस्थेची विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे. एक धावपट्टी, चार छोटी विमानं आणि त्यांच्यावर नजर ठेवायला एक टॉवर. टॉवर म्हणजे तरी काय, पाण्याच्या टाकीवर काचेची खोली बांधावी तसला प्रकार. त्या खोलीचे मालक चाचा. नगरचे शेख. हवाई दलात सगळी नोकरी रेडिओसमोर काढून निवृत्त झालेले. मी तिसगावची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, त्यांच्या हाताखाली शिकाऊ. वरच्या विमानांना 'उतरा', 'थांबा', 'वळा' सांगायचं काम शिकत होते. खरं सांगायचं तर चाचांचा छळ सोसायचं काम शिकत होते.

'हो' का चालत नाही, याचं त्यांच्याकडे शास्त्र होतं. पायलटला सांगितलं की अमुक उंचीवर ये, तर त्याने ती उंची आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. पण नियम विमानांसाठी असतो. चाचांनी तो अख्ख्या तालुक्याला लावला होता. कॅन्टीनच्या मावशींना खिडकीतून ओरडून सांगायचे, दोन चहा, एक बिनसाखरेचा. आणि मावशींनी खालून ते परत म्हटल्याशिवाय खिडकी सोडायचे नाहीत. एकदा मावशी वैतागून म्हणाल्या, दोन बिनसाखरेचे, एक चहा. चाचा शांतपणे म्हणाले, 'दुरुस्ती,' आणि पहिल्यापासून सुरू केलं. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. घरी चाचींनी तर केव्हाच हात टेकले होते. बाजारातून काय आणायचं ते त्या फोनवर सांगतच नसत, सकाळीच चिठ्ठी लिहून खिशात घालत. चिठ्ठीला परत म्हणायला लावता येत नाही ना.

'ऐकलं म्हंजे कळलं न्हाई, अन् कळलं म्हंजे केलं न्हाई,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चार वेळा ऐकायचे मी. पाचव्यांदा ऐकलं की वाटायचं, खिडकीतून उडी टाकावी.

बरं, माणूस असा, आणि त्याच्या पदरी रेडिओ कसला, तर तो. संस्थेने कुठूनसा जुना आणलेला सेट. पश्चिमेचा वारा सुटला की खरखरायचा. कॅन्टीनमध्ये मिक्सर लागला की गुणगुणायचा. कधी आम्ही बोललेलं विमानाला ऐकू जायचं नाही, कधी विमानाचं बोलणं आम्हाला अर्धंच यायचं, आणि कधी काही कारण नसताना ठार गप्प व्हायचा. मग त्याच्या उजव्या कुशीला एक थापट मारायची. बहुतेकदा चालू व्हायचा. चाचांनी थापट कुठे आणि किती जोराची मारायची, हेसुद्धा मला रीतसर शिकवलं होतं, आणि अर्थातच परत म्हणून दाखवायला लावलं होतं.

सेटच्या अर्थिंगची तार खाली जमिनीत पुरलेली होती. जमीन कोरडी पडली की खरखर वाढते, हे खरं आहे, पुस्तकातही आहे. पण म्हणून रोज सकाळी बादलीभर पाणी नेऊन त्या खड्ड्यात कोणी ओतायचं, तर फिजिक्सची पदवीधर वैशाली हिने. एप्रिल-मे महिन्यात आसपासच्या वाड्यांवर टँकर यायचा. बायका हंडे घेऊन ओळीत उभ्या असायच्या, आणि त्यांच्यादेखत मी मातीला पाणी पाजायला निघायचे. एकदा एकीने विचारलंच, काय लावलंय गं तिथं? मी काय सांगणार, रेडिओ लावलाय म्हणून? लाजेने मेल्यासारखं व्हायचं. चाचांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते घरून पाण्याचा कॅन भरून आणायला लागले. पण ओतायचं मात्र मीच.

त्या सेटविषयीच्या तक्रारींचं एक रजिस्टर होतं. जाडजूड, कापडी पाठीचं. चाचा सांगायचे, मी लिहायचे. वेळ, वारा कुठला, आपण काय बोललो, त्यांना काय ऐकू गेलं. महिनाअखेर ते रजिस्टर मॅनेजरसाहेबांकडे जायचं. मॅनेजर पूर्वी एका साखर कारखान्यात होते, कागद कसा परत पाठवायचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते तांबड्या शाईने 'पाहिले' लिहायचे आणि सही ठोकायचे. अशी दोन रजिस्टरं भरली, तिसरं निम्म्यावर आलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणायचे, चाचा, कशाला लिहायचं? ते म्हणायचे, 'त्यांनी वाचावं म्हनून न्हाई. घडलं म्हनून.'

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. ते म्हणजे सही. एकटीने माईकवर बसायची परवानगी मिळायला एक फॉर्म असतो. त्यावर माझ्या वरच्या माणसाने, म्हणजे चाचांनी, 'ही एकटी टॉवर सांभाळायला योग्य आहे' म्हणून सही करायची, मग आमचे मुख्य शिक्षक कॅप्टनसाहेब दुसरी सही करणार, आणि मग मी कायम होणार. ती सही नाही, तर मुदत संपली की तिसगाव. तिथे आमचे अण्णा, शाळामास्तर, बी.एड.चा फॉर्म घेऊन तयारच बसले होते. माझी मुदत वर्षाची. वर्ष संपलं, कॅप्टनसाहेबांनी ती दिवाळीपर्यंत वाढवली. मी परीक्षा पास, आवाज स्वच्छ, चुका जवळपास नाहीत. दर महिन्याला मी फॉर्म पुढे ठेवायचे. चाचा चष्मा लावून तो पूर्ण वाचायचे, जणू पहिल्यांदाच बघतायत, आणि 'ठेव' म्हणून ड्रॉवरमध्ये सारायचे. काय कमी आहे, तेवढं तरी सांगा, म्हटलं, तर म्हणाले, 'तुला अजून स्वतःचा भरवसा लई हाय.' घ्या. आता भरवसा असणंही गुन्हा.

विद्यार्थ्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. टॉवरच्या गॅलरीत एक मोठा दिवा टांगलेला असतो, हिरवा, तांबडा, पांढरा उजेड पाडणारा. रेडिओ बंद पडलाच तर विमानावर नेम धरून दाखवायचा. तांबडा दिसला की उतरायचं नाही, हिरवा दिसला की उतरायचं. असल्या गोष्टी पोरं परीक्षेपुरत्या पाठ करतात आणि विसरतात. चाचा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला उन्हात धावपट्टीच्या टोकाला उभं करायचे, गॅलरीतून दिवे दाखवायचे आणि खालून उत्तर ओरडून घ्यायचे. पोरं त्याला 'चाचांची दिवाळी' म्हणायची. मीही हसायचे त्यांच्यात.

तर, तो दिवस. ऋतुजा नावाची श्रीरामपूरची मुलगी शिकत होती. तिची पहिली एकटीची फेरी. शेजारी शिक्षक नाही, एकटीने उडायचं, एक चक्कर मारायची आणि उतरायचं. कॅप्टनसाहेब हातातला छोटा रेडिओ घेऊन धावपट्टीच्या कडेला उभे. पहिल्या फेरीला चाचा काचेच्या आत थांबत नसत. विमान उघड्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे म्हणून तेही एक छोटा रेडिओ घेऊन गॅलरीत. आत मोठ्या सेटजवळ मी. सकाळी थोडी खरखर झाली होती, त्याची नोंद चाचांनी मला लिहायला लावली होती. लिहून झाली. मी रजिस्टर मिटलं आणि समोर ठेवलं.

ऋतुजा वर होती, वळून उतरायला यायला अजून वेळ होता. म्हणून गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरला चाचांनी गॅलरीतून हात दाखवून पट्टी ओलांडायची परवानगी दिली. तो बरोबर मधोमध आला आणि बंद पडला. ड्रायव्हर उतरून इंजिनाशी खटपट करायला लागला. तिकडे ऋतुजा वळली, नाक खाली केलं, उतरायला निघाली.

चाचा छोट्या रेडिओवर तिला सांगायला लागले, उतरू नको, वर जा. नुसती किंकाळी उमटली, शब्द नाही. पट्टीच्या कडेला कॅप्टनसाहेब रेडिओ तोंडाशी धरून ओरडताना दिसत होते, त्यांचंही काही येईना. चाचांनी मला आवाज दिला, मोठ्या सेटवरून सांग. मी सेटकडे पाहिलं. ठार गप्प. नेहमीची बारीक सळसळसुद्धा नाही. मी ओरडले, 'चाचा, सेट मेला!' आणि त्याच्या कुशीला थापट मारली. मग दुसरी. मग मागे वाकून तारा चाचपायला लागले. एवढ्या वेळात विमान खाली येत होतं, आणि त्यात एकोणीस वर्षांची मुलगी होती. मी मनात म्हणत होते, देवा, हा मेला रेडिओ, हा मेला रेडिओ.

चाचांनी माझ्याकडे परत पाहिलंही नाही. दिवा उचलला, गॅलरीच्या कठड्यावर कोपर टेकलं आणि तांबडा उजेड तिच्यावर धरला. हात हलला नाही. भर उन्हात तो तिला दिसेल, असं मला वाटत नव्हतं. दिसला. विमानाचं नाक वर झालं, इंजिन गर्जलं, आणि ट्रॅक्टरच्या बऱ्याच वरून ऋतुजा निघून गेली. ड्रायव्हर जमिनीवर आडवा झोपला होता.

आणि मी सेटच्या मागून पुढे आले, तेव्हा मला दिसलं. टेबलावरच्या माईकला खाली एक पट्टी असते. ती दाबली की आपण बोलतो, सोडली की ऐकतो. त्या पट्टीवर वजन पडून राहिलं, तर सेट ऐकायचं सोडून देतो आणि नुसता आपलाच आवाज हवेत सोडत राहतो. मग त्या वाटेवर दुसऱ्या कोणाचाही शब्द धड जात नाही. पट्टी दाबली गेली की लागणारा तांबडा बल्ब आमच्या सेटवर कधीचा उडालेला होता, त्याचीही तक्रार लिहिलेली होती. आणि पट्टीवर काय होतं? तक्रारींचं रजिस्टर. मीच ठेवलेलं.

मी ते उचललं. लगेच सळसळ आली, आणि कॅप्टनसाहेबांचा आवाज स्पष्ट. चाचांची पाठ होती माझ्याकडे. कोणी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टर ढकलून बाजूला काढला, चाचांनी रेडिओवर भरवसा न ठेवता हिरवा दिवाच दाखवला, ऋतुजा उतरली आणि विमानातून उतरल्यावर कॅप्टनसाहेबांच्या गळ्यात पडून रडली. सगळ्यांनी रेडिओला शिव्या घातल्या. मीही घातल्या, सगळ्यांत मोठ्याने.

दुपारचा डबा मला गेला नाही. सही गेली, हे एक होतं. पण सही गेली तर गेली, असं चारपर्यंत मनाशी घोकूनही मी जिन्याखालीच घुटमळत होते. ऋतुजा कॅन्टीनमध्ये सगळ्यांना पेढे वाटत होती, मलाही दिला. शेवटी मी वर गेले आणि चाचांना सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, 'परत सांग.' मी परत सांगितलं, रजिस्टर मी ठेवलं, उचललंही मीच, आणि सगळ्यांपासून लपवलंही मीच. 'बरोबर,' म्हणाले. मग रजिस्टर ओढून त्यांनी, पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने लिहिलं. सेट चालू होता. माईकच्या पट्टीवर हे रजिस्टर होतं. ठेवणारी वैशाली. टॉवर माझ्या ताब्यात, सबब जबाबदारी माझी. आणि खाली सही केली. किती सुरेख सही होती. माझ्या फॉर्मवर करायला काय धाड भरली होती, असं त्याही क्षणी माझ्या मनात आलं.

पण खरी गंमत, गंमत कसली, संताप, पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः जिना चढून वर आले. आयुष्यात पहिल्यांदा. पुण्याच्या मुख्य कचेरीत घबराट झाली होती, सेट बंद पडून अपघात होता होता वाचला असा अहवाल गेला, तर नवा सेट महिन्याभरात येणार होता. अहवाल टाइप करून आणला होता. फक्त चाचांची सही हवी. मॅनेजर म्हणाले, चाचा, इतकी वर्षं तुम्ही बोंबलताय, आता येतोय तुमचा रेडिओ, करा सही. चाचांनी तो पूर्ण वाचला. मग म्हणाले, 'रेडिओ खराब हाय. रोज खराब असतो. पन त्या दिवशी चांगला हुता.'

मॅनेजरांनी समजावलं. कॅप्टनसाहेबांनीही एकदा विचारून पाहिलं. माझं तर डोकंच फिरलं. मी म्हटलं, चाचा, माझ्या चुकीचं मला काय व्हायचं ते होऊ दे, पण सेट येऊ द्या ना. उद्या खरंच बंद पडला आणि कोणी मेलं, तर? त्याच्यावर ते मान हलवून म्हणाले, 'म्हनून तर. उद्या खरंच बंद पडल, तवा कुनी इश्वास ठेवायला पायजे.' असल्या माणसाशी काय बोलणार? भिंतीवर डोकं आपटून आपल्यालाच लागायचं.

नवा सेट आला नाही. मला ताकीदपत्र मिळालं आणि पंधरा दिवस माईकला हात लावायची बंदी. त्या पंधरा दिवसांत मी फक्त अर्थिंगला पाणी घातलं. मग परत माईकवर, पण चाचा शेजारी बसलेले, पहिल्या दिवसासारखे. फॉर्म मी पुन्हा पुढे ठेवला नाही. कुठल्या तोंडाने ठेवणार? आणि दिवाळीला चाचांचं कंत्राट संपलं, ते वाढवलं नाही. कारण लिहिलं होतं वय. वय काही एका रात्रीत वाढलं नव्हतं, खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

निरोपाला शाल, नारळ, दोन भाषणं. चाचांनी नव्या विद्यार्थ्यांना दिवे दाखवून घेतले, डबा पिशवीत घातला, आणि मला म्हणाले, 'येतो.' मला वाटलं, आता तरी फॉर्मचं काही बोलतील. नाहीत बोलले. मीही हट्टाने विचारलं नाही. त्यांची स्कूटर फाटकाबाहेर गेली, आणि मी आत जाऊन अण्णांना फोन केला, बी.एड.चा फॉर्म भरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं, हिशेब चुकता करायला. ते म्हणाले, वर जा, आजपासून तू एकटी. मी म्हटलं, फॉर्मवर सही नाहीये. त्यांनी फाईल उघडून पुढे सरकवली. तोच फॉर्म. ही एकटी टॉवर सांभाळायला योग्य आहे. खाली ती सुरेख सही, आणि सहीखाली तारीख. ऋतुजाच्या फेरीच्या दिवसाची. शेजारी कॅप्टनसाहेबांची सही, आजच्या तारखेची. कॅप्टनसाहेब म्हणाले, त्याच संध्याकाळी आणून दिला होता, आणि सांगून गेले होते, मी इथं आहे तोवर ती एकटी नाही, कागद राहू द्या तुमच्याकडे.

मी जिना चढले ती तणतणतच. टॉवरमध्ये जाऊन पहिलं काय केलं, तर चाचांना फोन लावला, आणि तोंडाला येईल ते बोलले. चार महिने. चार महिने मी स्वतःला चोर समजत होते, रात्री झोप नव्हती, अण्णांना होकार देऊन बसले होते, आणि तुम्ही? एक शब्द सांगता येत नव्हता? पलीकडे चाचींच्या कुकरची शिट्टी झाली. चाचा माझं संपेपर्यंत थांबले.

'कुनी बगितलं नव्हतं, तरी आलीस सांगायला. त्या दिवशीच केली सही,' म्हणाले. 'पन तवाच सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, खरं बोललीस त्याचं बक्षीस दिलं. तसं वाटाय नको हुतं.'

डोळे भरून वाहायला लागले, समोरची धावपट्टी दिसेना. आता हमसून रडणार, तेवढ्यात सेट खरखरला आणि खालून दिवसाचं पहिलं विमान हाका मारायला लागलं, परवानगी द्या. या माणसाने मला धड रडूसुद्धा दिलं नाही.